किती रुंद पाहावे?

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात डोळा लेन्समधून पाहत नाही, हे पहिल्यांदा तो हाती घेणाऱ्याच्या पचनी पडायला जरा वेळ लागतो. कॅमेऱ्याच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते. तिच्यातून समोरचे सगळे साध्या काचेतून दिसावे तसे दिसते, जवळचेही स्पष्ट आणि लांबचेही स्पष्ट. लेन्स बदलली तरी हे दृश्य तसूभर बदलत नाही. बदलतो तो त्यावर तरंगणारा उजळ रेघांचा चौकोन, ज्याला फ्रेमलाइन म्हणतात. ५० मिलिमीटरची लेन्स लावली की हा चौकोन खिडकीच्या मधोमध लहानसा बसतो आणि त्याच्या चारी बाजूंना फोटोत न येणारे जग चालू राहते: आत शिरायच्या बेतात असलेली सायकल, नुकताच बाहेर पडलेला माणूस, वर लोंबणारी केबलची वायर. लायकाच्या एम मालिकेत ही व्यवस्था १९५४ च्या एम३ पासून आहे. २००४ मध्ये एप्सनने आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर काढला, २००६ मध्ये लायकाचा एम८ आला, आणि २००९ मध्ये फिल्मच्या पूर्ण आकाराचा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर घेऊन एम९ आला. फिल्म गेली, खिडकी तशीच राहिली. असा कॅमेरा घेणाऱ्याला पुढे एक प्रश्न हमखास पडतो: वाइड लेन्स घ्यायची तर कोणती, ३५ ची, २८ ची की थेट २१ ची? प्रश्न दुकानाच्या काउंटरवरचा आहे आणि खिशाचाही आहे. पण त्याच्या पोटात ज्ञानाविषयीचा एक फार जुना प्रश्न आहे: जास्त दिसले म्हणजे जास्त खरे दिसले का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचा पुरावा पोथ्यांत आहे तितकाच या खिडकीतही आहे.

आधी आकडे पाहू. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ५० ची लेन्स कर्णाच्या दिशेने सुमारे ४७ अंशांचा कोन घेते, ३५ ची ६३, २८ ची ७५ आणि २१ ची ९२, म्हणजे काटकोनाहून थोडा जास्तच. समोरच्या सपाट भिंतीचा हिशेब केला तर २१ ची लेन्स ३५ च्या पावणेतीन पट भाग आत घेते. खिडकीत जग किंचित लहान दिसते, एम९ मध्ये ०.६८ पट, एम१० पासून ०.७३ पट. या प्रमाणात ३५ ची चौकट आरामात बसते आणि भोवती मोकळी जागा उरते. २८ ची चौकट कडांना जाऊन टेकते. चष्मा असेल तर डोळा काचेपासून लांब राहतो, चारी रेघा एका नजरेत मावत नाहीत आणि बुबुळ इकडून तिकडे फिरवावे लागते. २१ साठी तर आत रेघच नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅश बसवायच्या खाचेत, वेगळा फाइंडर लावायचा. म्हणजे फोकस एका खिडकीत आणि चौकट दुसऱ्या. लेन्सचा हूड मूळ खिडकीचा खालचा उजवा कोपरा झाकतो, ते निराळेच. फोकसची गंमत त्याहून मोठी आहे. २१ ची लेन्स एफ/८ वर ठेवून अंतर १.८ मीटरवर लावून टाकले, तर फिल्मच्या काळापासून चालत आलेल्या हिशेबाने साधारण ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून अंतर मोजणाऱ्या ज्या यंत्रणेवरून या कॅमेऱ्याला नाव पडले, तिला मग काही काम उरत नाही. कोन रुंदावतो तशी पाहणाऱ्याच्या हातून आधी चौकटीबाहेरची जागा जाते, मग चौकट कॅमेऱ्यातून उठून वर जाऊन बसते, आणि शेवटी काय स्पष्ट हवे हे ठरवायची वेळही येईनाशी होते. रुंद लेन्स जास्त जग आत घेते यात वाद नाही. पण आपण काय बाहेर ठेवले याची खूण ती पुसत जाते, आणि लेन्स निवडताना तोलायची गोष्ट माझ्या मते ही आहे.

जैन तार्किकांनी हा भेद फार बारकाईने केला आहे. वस्तूला अगणित अंगे असतात आणि मर्यादित ज्ञाता एका वेळी त्यांपैकी काहीच पकडू शकतो, ही अनेकान्तवादाची बैठक. एका अंगाने केलेले विधान म्हणजे नय. बाराव्या शतकात हेमचंद्राने बत्तीस श्लोकांच्या एका स्तुतीत, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मल्लिषेणाने तिच्यावरच्या ‘स्याद्वादमंजरी’ या टीकेत, तीन पायऱ्या वेगळ्या काढल्या. एक अंग धरून बाकीची नाकारणे हा दुर्नय. एक अंग सांगून बाकीच्यांविषयी गप्प राहणे हा नय. आणि आपण कोणत्या अपेक्षेने बोलत आहोत हे विधानातच कबूल करणे, हे प्रमाण. यात ध्यानात घेण्याजोगे हे की दुर्नय आणि प्रमाण यांतला फरक पाहिलेल्या भागाच्या मोजमापाचा नाही. दोघांनी अगदी तेवढेच पाहिलेले असू शकते. फरक आहे तो न पाहिलेल्या भागाशी असलेल्या नात्यात. ३५ च्या चौकटीतून पाहणारा कमी पाहतो, पण रेघेपलीकडे जग चालू आहे हे त्याला त्याच क्षणी त्याच काचेत दिसत असते, त्यामुळे त्याच्या पाहण्याला आपल्या मर्यादेची कबुली चिकटलेलीच येते. त्याच्या पावणेतीन पट पाहणाऱ्याला ही सोबत नाही. तो खोटे पाहतो असे मी म्हणत नाही. एवढे सगळे आले, म्हणजे सगळेच आले, हा समज त्याला अडवायला समोर काही नसते. आंधळे आणि हत्तीची गोष्ट मी इथे मुद्दामच टाळतो आहे. त्या गोष्टीत सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसत असतो आणि तो कुठून दिसला हे तो कधी सांगत नाही. सगळ्यांच्या मर्यादा मोजणारी ती गोष्ट स्वतःची खिडकी मात्र झाकून ठेवते.

डिजिटल सेन्सर आल्यावर या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही, म्हणून वाइड लेन्सचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. १९५० च्या दशकातला लुडविग बर्टेलेचा बायोगॉन किंवा लायकासाठी श्नायडरने बनवलेली १९६३ ची २१ मिलिमीटरची सुपर-अँगुलॉन या अशाच लेन्स; सरळ भिंत सरळ ठेवण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे. पण अशा रचनेत कोपऱ्याकडे जाणारे किरण फार तिरके पडतात. फिल्मला त्याचे काही वाटत नसे. सेन्सरवर मात्र काचेचा थर, त्याखाली सूक्ष्म भिंगे आणि रंगांच्या गाळण्या असतात. तिरका किरण वाट चुकून शेजारच्या रंगात शिरतो आणि फोटोच्या कडांना लालसर-जांभळी झाक येते. आपल्याकडच्या ज्ञानमीमांसेत काविळीच्या डोळ्यांना पिवळा दिसणारा शंख हे भ्रमाचे ठरलेले उदाहरण आहे. हा त्याचाच कॅमेऱ्यातला अवतार म्हणायचा. कुमारिल भट्टाचे म्हणणे असे की ज्ञान मुळात प्रमाणच धरावे. ते दोन कारणांनी रद्द होते, उलट ज्ञान समोर आले तर, किंवा ज्या साधनाने ते झाले त्यातला दोष कळला तर. लायकाने केले ते दुसऱ्या प्रकारचे. लेन्सच्या मागच्या कड्यावर सहा काळे-पांढरे ठिपके आले, कॅमेरा ते वाचून कोणती लेन्स लागली आहे हे ओळखू लागला आणि त्या लेन्सचा ठाऊक असलेला दोष वजा करू लागला. म्हणजे आपण कोणाच्या डोळ्याने पाहतो आहोत हे यंत्राला माहीत असल्याखेरीज त्याला नीट पाहता येईना. आणि हा दोष मध्यात नसतो, कडांना असतो. जो जास्तीचा भाग मिळवण्यासाठी रुंद लेन्स घेतली, नेमका तोच कमी भरवशाचा निघतो.

यावर एक जाणकार आक्षेप येईल: रंगाचा दोष सॉफ्टवेअरने जातो, नव्या रचनेच्या लेन्सने जातो, पाठीमागून प्रकाश घेणाऱ्या नव्या सेन्सरने तर बराचसा गेलाही. मग रुंद कोनात तत्त्वतः खोटे काय राहिले? काहीच नाही, आणि हे मला मान्य करावेच लागेल. रुंद लेन्समध्ये कडेचे चेहरे ताणलेले येतात त्याला आपण विकृती म्हणतो, पण भूमितीच्या दृष्टीने ते बिनचूक असते. गोल चेंडू कोपऱ्यात लंबगोल उमटतो. २१ च्या लेन्समध्ये ऐन कोपऱ्यात त्याची लांबी रुंदीच्या सुमारे १.४ पट होते, ३५ मध्ये १.२ पटही होत नाही. हा लंबगोल खोटा नाही. फोटो दहा पट मोठा करून छापला आणि २१ मिलिमीटरच्या दहा पट, म्हणजे २१ सेंटिमीटर अंतरावरून, एक डोळा मिटून, मधोमध डोळा ठेवून पाहिला, तर तो लंबगोल पुन्हा चेंडू दिसतो. अडचण इतकीच की असे कोणी पाहत नाही. आपण हातभर लांबून पाहतो, आणि ते अंतर ५० च्या लेन्सला मानवते, २१ च्या नाही. म्हणजे विकृती लेन्समध्येही नसते आणि जगातही नसते. फोटो काढणारा जिथे उभा होता आणि पाहणारा जिथे उभा आहे त्या दोन जागांच्या बेबनावातून ती निपजते. राफाएलला हे पक्के ठाऊक होते. व्हॅटिकनमधल्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या भित्तिचित्रात सगळी वास्तू काटेकोर यथार्थदर्शनाने रेखली आहे, पण उजव्या खालच्या भागात टॉलेमी आणि झरथुष्ट्र यांच्या हातातले दोन गोल त्याने चक्क वर्तुळे काढली आहेत. नियमाने ते लंबगोल हवे होते. चित्रासमोरून माणसे चालत जाणार, ठरलेल्या एका बिंदूवर डोळा लावून कोणी उभे राहणार नाही, हे ध्यानी धरून त्याने नियम मोडला. रुंद दृष्टी खोटी नसते, पण ती आपल्या जागेशी फार घट्ट बांधलेली असते. आणि जितकी रुंद तितकी जास्त घट्ट. सर्वव्यापक दिसणारे दृश्य प्रत्यक्षात सर्वांत कमी जागांवरून खरे ठरते, हा निष्कर्ष अपेक्षेच्या उलट असला तरी टाळता येत नाही.

घारापुरीच्या लेण्यातले सदाशिवाचे शिल्प याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. पाच मीटरांहून उंच, तीन मुखांचे. जवळ जाऊन २१ ने घेतले तर तिन्ही मुखे एका चौकटीत येतात खरी, पण मधल्या मुखाची हनुवटी अंगावर येते आणि बाजूचे अघोर आणि वामदेव मागे ओढल्यासारखे होतात. खांबांच्या रांगेतून पुरेसे मागे सरकून ३५ ने घेतले की मुखे एकमेकांच्या मापात बसतात. चौथे मुख मात्र दोन्ही फोटोंत येत नाही. ते मागच्या बाजूला आहे असे मानायचे असते. कोरलेले नाही, खडकातच आहे. ते आहे हे कळते ते शैव परंपरेच्या सांगण्यावरून, कोन वाढवून नाही.

धार्मिक मनाला इथे वेगळीच शंका येईल. मर्यादा हे माणसाचे दुखणे आहे, तिचे कौतुक कशाला? साधनेचे ध्येय तर सर्व काही एकाच वेळी पाहणे हे आहे; विश्वरूपदर्शन हा त्याचा दाखला. मला गीतेचा अकरावा अध्याय नेमका उलट साक्ष देताना दिसतो. कृष्ण आधी तीन-चार श्लोकांत पुनःपुन्हा ‘पाहा’ म्हणतो, आणि मग स्वतःच सांगतो की या डोळ्यांनी तुला ते दिसायचे नाही, म्हणून दिव्य चक्षू देतो. म्हणजे अर्जुनाला मिळालेली दृष्टी सदोष होती असे म्हणायला जागा नाही. तिला लाल कडा नव्हत्या. तरीही काय होते? आदि, मध्य आणि अंत यांपैकी काहीच सापडत नाही असे तो म्हणतो, आणि पुढे आपल्याला दिशा कळेनाशा झाल्याचे सांगतो. हे केवळ भिऊन काढलेले उद्गार नव्हेत. सगळीकडे एकाच वेळी पाहणाऱ्याला समोर आणि मागे असे काही उरतच नाही, आणि समोर-मागे गेले की दिशा जातात. युद्धभूमीवर उभ्या असलेल्या, पुढच्या क्षणी बाण कुठे सोडायचा हे ठरवायचे असलेल्या माणसाला अशी दृष्टी घेऊन काही करता येत नाही. तो पहिले रूप परत मागतो, आणि कृष्ण त्याला त्याबद्दल बोल लावत नाही. भिऊ नकोस म्हणतो आणि माणसाच्या रूपात परत येतो. मग अर्जुन आपण ठिकाणावर आल्याचे सांगतो. ज्ञानेश्वरांनी या अध्यायाच्या आरंभी शांत आणि अद्भुत हे दोन रस एकत्र बसवले आहेत. मला ती नुसती साहित्यिक मांडणी वाटत नाही. अद्भुत टिकत नाही, आणि शांत हा त्याचा पराभव नसून ज्यात वावरता येते अशी चौकट आहे, हे अध्यायाच्या घडणीतच आहे. पंढरीला विटेवरच्या, कटीवर हात ठेवलेल्या, मोजून सांगता येईल एवढ्या मूर्तीपुढे उभे राहणाऱ्या वारकऱ्याला देव एवढाच आहे असे वाटत नसते. मर्यादित रूप तो जाणून पत्करतो, आणि निर्गुणाची बाजू त्या रूपाभोवती त्याला दिसत राहते.

युरोपात १४५३ मध्ये क्यूसाच्या निकोलसने बव्हेरियातल्या टेगर्नझे मठातल्या साधूंना एक पुस्तक आणि एक चित्र पाठवले. चित्रातला चेहरा असा रंगवलेला की कुठूनही पाहा, तो आपल्याकडेच पाहतो आहे असे वाटावे. ते उत्तरेच्या भिंतीवर लावा, असे त्याने कळवले. एकाने पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत जावे, दुसऱ्याने उलट दिशेने. प्रत्येकाला ती नजर आपल्याबरोबर चालल्यासारखी वाटेल. याच पुस्तकात त्याने आपल्या या विषयाला थेट भिडणारी गोष्ट लिहिली आहे: माणसाचा डोळा ठराविक मापाच्या कोनातून पाहतो, देवाच्या डोळ्याच्या कोनाला माप नाही. वरवर पाहता हा रुंद कोनाच्या बाजूचा पुरावा वाटतो, कोन वाढवत गेलो की देवाच्या जवळ जाऊ. पण क्यूसा तसे म्हणत नाही. मापाचा कोन कितीही वाढवला तरी तो मापाचाच राहतो. ९२ अंश काय आणि १८० काय, अनंतापासून दोन्ही सारखेच लांब. त्या प्रयोगातला खरा बारकावा दुसरीकडे आहे. चित्रासमोरून चालणाऱ्या साधूला नजर आपल्यामागे येते हे डोळ्यांनी कळते, पण ती त्याच वेळी उलट दिशेने जाणाऱ्या सोबत्यामागेही जाते हे त्याला कधीच दिसू शकत नाही. ते त्याला सोबत्याने सांगावे लागते, आणि त्याने त्यावर विश्वास ठेवावा लागतो. आपल्या चौकटीपलीकडचे ज्ञान मिळवायचा माणसाला मोकळा असलेला मार्ग म्हणजे दुसऱ्याची साक्ष. नैयायिकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले ते उगाच नव्हे. आणि ज्याला आपली चौकट संपते कुठे हेच दिसत नाही, त्याला दुसऱ्याला विचारायची गरज तरी कशी भासावी?

आता या सगळ्याला एक व्यवहारी उत्तर तयार असते. २०१३ च्या टाइप २४० पासून एम कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू आहे, वर इलेक्ट्रॉनिक फाइंडर लावता येतो, लेन्सला दिसते तेच डोळ्याला दिसते. आणि २०२२ च्या एम११ चा सेन्सर ६० मेगापिक्सेलचा आहे. मग सरळ २१ लावावी, सगळे आत घ्यावे, काय हवे ते घरी जाऊन कापून काढावे. यातली पहिली अर्धी गोष्ट मला तितकीशी गंभीर वाटत नाही. पडद्यावर चौकट अचूक दिसते, पण चौकटीपलीकडे काळे असते. अचूकपणा वाढतो, शेजार जातो. कापून काढण्याची गोष्ट मात्र तोलून पाहिली पाहिजे, कारण भूमिती तिच्या बाजूची आहे. एकाच जागेवरून २१ ने घेतलेल्या फोटोचा मधला भाग कापला तर ३५ चाच फोटो मिळतो, यथार्थदर्शनात कणभर फरक नाही. यथार्थदर्शन लेन्सवर ठरत नाही, उभे राहायच्या जागेवर ठरते. पण म्हणूनच हा युक्तिवाद उलटतो. हाती ३५ आहे हे ज्याला माहीत आहे तो एका ठिकाणी जाऊन उभा राहतो, हाती २१ असलेला दुसऱ्या ठिकाणी. कापून चौकट बदलता येते, उभे राहिलेली जागा बदलता येत नाही. ‘आधी सगळे घेऊ, बाजू मागाहून ठरवू’ म्हणणाऱ्याने बाजू ठरवलेली असतेच, फक्त ती न पाहता ठरवलेली असते. तटस्थपणाच्या पुष्कळशा दाव्यांचे असेच असते.

याहून टोकदार आक्षेप नीतीचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. अरुंद चौकट हेच तर खोटेपणाचे जुने हत्यार आहे. सभेतली पहिली पाच माणसे घ्यायची आणि मागच्या रिकाम्या खुर्च्या सोडायच्या. उंच इमारत घ्यायची, पायथ्याची झोपडी सोडायची. रुंद लेन्स निदान हे लपवू देत नाही. हे खरे आहे. पण बिल ब्रँटचे उदाहरण इथे आठवावे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात त्याने लंडनमध्ये एक जुना लाकडी कोडॅक जुन्या बाजारातून घेतला. गुन्ह्याच्या जागेची नोंद करताना अख्खी खोली एका फोटोत यावी म्हणून पोलिस वापरत त्या जातीचा, अतिरुंद लेन्सचा. काही लपू नये म्हणून बनवलेले हे साधन. ब्रँटने अशा अतिरुंद लेन्सने नग्न देहांचे जे फोटो काढले त्यांत कान डोंगराएवढा होतो आणि पाऊल समुद्रकिनाऱ्याचा खडक होते. १९६१ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. काहीही न वगळणारी दृष्टी आपोआप साक्षीदार होत नाही, हे यावरून दिसते. उलट गॅरी विनोग्रँड न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ ची लेन्स लावून माणसांच्या अगदी जवळ जाई, आणि त्याचे फोटो कडेपर्यंत भरलेले, कडेला तुटलेले असतात. चौकटीने कुठे कापले हे ते फोटो लपवत नाहीत. आणि रिकाम्या खुर्च्या सोडणाऱ्याबद्दल बोलायचे तर, रेंजफाइंडरच्या खिडकीतून पाहणाऱ्याला त्या खुर्च्या रेघेबाहेर स्वच्छ दिसलेल्या असतात. ‘मला दिसल्याच नाहीत’ असे म्हणायची सोय त्याला नाही. वगळणे टळत नाही. ते जाणून केले की अजाणता, एवढाच प्रश्न उरतो, आणि जाणून वगळणाऱ्याला जाब तरी विचारता येतो.

तेव्हा काउंटरवर उभ्या असलेल्याने काय करावे? डिजिटल एम वर एकच वाइड लेन्स ठेवायची असेल तर चष्मा लावणाऱ्याने ३५ घ्यावी, न लावणाऱ्याने २८ चाही विचार करावा. बहुतेक एम कॅमेऱ्यांवर लेन्सशेजारी एक लहान खटका असतो. तो सरकवून लेन्स न बदलता दुसऱ्या मापांच्या चौकटी पाहता येतात. दुकानात दहा मिनिटे तोच हलवत दाराबाहेरचा रस्ता पाहत बसावे, डोळ्याला कोणती चौकट कडेसकट पेलते ते कळते. २१ ला माझा विरोध नाही. गर्भगृहात, बोळात, माजघरात, जिथे पाठ भिंतीला टेकलेली आहे आणि मागे सरकता येत नाही, तिथे जागा भिंतीनेच ठरवलेली असते आणि २१ ला पर्याय नसतो. फक्त फिल्मच्या काळातली, मागचे भिंग खोल शिरणारी जुनी लेन्स स्वस्तात मिळते म्हणून उचलण्याआधी आपल्या कॅमेऱ्यावर लावून एखाद्या एकसारख्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा. कडा लाल आल्या तर तिच्यावर कृष्णधवल काम करता येईल, रंगीत नाही.